वळिवडे ते फाल्डिंगवर्थ

(दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ पोलंड देशातील सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. त्याच काळात त्यांच्या देशातील विमानदलाची माणसे इंग्लंडमधून लढत होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात या दोन्ही ठिकाणी लोक कसे जगत होते, याचे वर्णन प्रस्तुत पाठात केले आहे.)

वैरागहून कोल्हापूरला जायचे म्हटले, तर आज एस. टी. ने एका दिवसात पोचता येते. ऐंशी वर्षांपूर्वी हा प्रवास इतका सोपा नव्हता. आधी बार्शी गाठायची. तिथे बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसायचे. कुर्डुवाडी, पंढरपूर करत ही गाडी मिरजेला जाई. मिरजेला उतरून कोल्हापूरची गाडी धरायची. कोल्हापूर येण्याच्या थोडे आधी वळिवडे गाव लागे. १९४३ सालापासून तिथे एक नवीनच वस्ती दिसू लागली होती. ओळीने बांधलेल्या लांबच लांब बराकी, वर कौले, भिंती चटयांच्या. दारात गोऱ्या, पिंगट केसांच्या बायका आणि मुले. ही सगळी माणसे पोलंड देशातली होती.

पोलंड कुठे आणि कोल्हापूर कुठे! ही माणसे इथे आली कशी?

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य आत शिरले. दोघांनी मिळून तो देश वाटून घेतला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधील हजारो कुटुंबांना रात्री घराबाहेर काढण्यात आले. त्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे नेले. त्यानंतर आणखी गाड्या भरून गेल्या. तिकडे जंगलात लाकडे तोडताना, उपाशीपोटी, अनेकजण मेले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाने या लोकांना मोकळे केले. ते दक्षिणेकडे निघाले. ताश्कंद, समरकंद, बुखारा ही नावे तुम्ही ऐकली असतील. जनरल अँडर्स यांचे नवे पोलिश सैन्यही पुढे त्याच भागात आले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्यांच्याबरोबरची बायकामुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आली. इस्फहान शहरात तर इतकी पोलिश मुले राहिली, की त्याला 'पोलिश मुलांचे शहर' असे नाव पडले. इराणमधून काही कुटुंबे कराचीला आली आणि तिथून आगगाडीने वळिवड्याला.

वळिवड्यात त्यांनी लवकरच गाव वसवले. प्रत्येक कुटुंबाला राहायला खोल्या आणि स्वयंपाकाची जागा मिळाली. पोलिश भाषेतील शाळा निघाल्या. चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच झाला. बालवीरांची पथके झाली. आसपासच्या खेड्यांतील लोक दूध, भाजी, अंडी घेऊन येत. खुणा करता करता त्यांना पोलिश शब्द येऊ लागले आणि पोलिश बायकांना मराठी.

या गावात एक गोष्ट मात्र कमी होती. पुरुष फारसे नव्हते. म्हातारी माणसे होती, मुलगे होते. पण बऱ्याच घरांतले वडील, थोरले भाऊ, नवरे सैन्यात होते. बहुतेक जण अँडर्स यांच्या सैन्याबरोबर इटलीत लढत होते. काही जणांना मात्र इराणच्या वाटेवरूनच वेगळे काढून इंग्लंडला पाठवले होते. तिथल्या पोलिश विमानदलाला माणसे हवी होती.

हे विमानदल इंग्लंडमध्ये का होते, तेही समजून घेऊ. पोलंड पडला तेव्हा तिथले वैमानिक आणि कारागीर रुमानिया, हंगेरी अशा देशांतून निसटले आणि आधी फ्रान्सला व नंतर इंग्लंडला पोचले. इंग्लंडने त्यांना विमाने दिली. १ जुलै १९४० रोजी पहिले पोलिश बाँबफेकी स्क्वॉड्रन तयार झाले. स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी. तिचा क्रमांक होता ३००, आणि वॉर्साच्या भोवतालच्या माझोव्हिया प्रांताचे नाव तिला दिले होते. मार्च १९४४ पासून ही तुकडी लिंकनशायरमधील फाल्डिंगवर्थ या तळावर होती.

विमानदल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आकाश येते. पण एका मोहिमेत माणूस आकाशात सात-आठ तास असतो; बाकीचा सगळा वेळ तो जमिनीवर असतो. आणि १९४५ च्या जानेवारीत फाल्डिंगवर्थची जमीन बर्फाने झाकलेली होती.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारला अंधारू लागते. माणसे पन्हाळी पत्र्याच्या घरांत राहत. अर्धे पिंप जमिनीवर उपडे ठेवावे, तसे हे घर दिसे. मध्यभागी एक छोटी लोखंडी शेगडी. कोळसा मोजून मिळायचा. शेगडीजवळच्या खाटेवर ऊब, टोकाच्या खाटेवर काकडा. रात्री शेगडी विझली, की सकाळपर्यंत पत्र्याच्या आतल्या बाजूला दव गोठलेले असे. ओले बूट वाळत नसत. मग तेच बूट घालून सायकलवर टांग मारायची आणि आपल्या विमानाकडे जायचे. शत्रूच्या हल्ल्यात सगळी विमाने एकदम सापडू नयेत, म्हणून ती मैदानाच्या कडेने दूरदूर उभी केलेली असत. त्यामुळे सायकलीशिवाय तिथे कोणाचेच चालत नसे.

वैराग भागात ज्वारी हुरड्यात आली, की शेतकरी रात्री शेतात माळ्यावर राखणीला बसतो. पहाटेचा गारठा काय असतो, हे त्याला विचारा. पण त्याच्याजवळ घोंगडी असते, खाली शेकोटी असते. विमानाखाली शेकोटी पेटवता येत नाही. विमानात जवळजवळ दहा हजार लिटर पेट्रोल भरलेले असते.

या तुकडीची विमाने लँकेस्टर नावाची होती. चार इंजिने, पंखांची रुंदी एकतीस मीटर. ही विमाने बहुतेक वेळ उघड्यावरच उभी असत. बर्फ पडले की यंत्रकामगार शिडी लावून पंखांवर चढत आणि झाडूने बर्फ खाली लोटत. पंखांवर बर्फाचा पातळ थर जरी राहिला, तरी पंखांवरून वाहणारी हवा बिघडते आणि भरलेले विमान नीट वर उठत नाही. म्हणून पंखांना बर्फ न धरू देणारे रसायन फासत. इंजिनाचे काम करताना हातमोजे घालता येत नसत, कारण बारीक स्क्रू हातमोज्याच्या बोटांत सापडत नाही. उघडे बोट गोठलेल्या धातूला लागले, तर कातडी तिथेच चिकटे. पलीकडे दुसरी माणसे छोट्या ट्रॅक्टरमागे गाड्यांची माळ जोडून बाँब आणत. ते विमानाच्या पोटात एकेक करून अडकवायचे. हे काम अनेकदा दोनदा करावे लागे. मोहीम ठरे, बाँब चढवले जात आणि मग धुके येई. मोहीम रद्द! चढवलेले बाँब पुन्हा उतरवा.

एका विमानात उडायला सात माणसे लागत. ते विमान तयार ठेवायला जमिनीवर किती हात लागत, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. मला तरी वाटते, त्या हिवाळ्यातले अर्धे युद्ध याच माणसांनी केले. जोरात बर्फ पडले, की तर सगळा भेदच संपे. धावपट्टी मोकळी करायला वैमानिक, कारकून, स्वयंपाकी, सगळेच फावडी घेऊन उतरत. तळावर पोलिश मुलीही होत्या. विमानदलाच्या महिला विभागात त्या काम करत. त्यांच्यापैकी काही सैबेरियातून सुटून आलेल्या होत्या. त्यांना या थंडीचे फार नवल वाटले नसावे.

दुपारी नकाशाच्या खोलीत मोहिमेची माहिती मिळे. कुठे जायचे, कोणत्या वाटेने, हवा कशी असेल. त्यानंतर जेवण. उडणाऱ्या माणसांना त्या दिवशी ताटात अंडे मिळे. अंड्याचे एवढे काय, असे तुम्हांला वाटेल. पण इंग्लंडमध्ये तेव्हा बरेचसे अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते आणि मोठ्या माणसाला साधारणपणे आठवड्याला एक अंडे मिळे. वळिवड्यात जी वस्तू टोपलीत घेऊन बाई दारात येई, ती इथे जिवावर उदार होणाऱ्याला द्यायची खास गोष्ट होती.

मग अंधार पडताना विमाने एकामागून एक वर उठत. सहा हजार मीटर उंचीवर तापमान शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरते. पाणी शून्य अंशाला गोठते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. सर्वांत वाईट जागा शेपटीकडच्या बंदूकवाल्याची. तो विमानाच्या अगदी टोकाला, काचेच्या छोट्या मनोऱ्यात एकटा बसे. विजेच्या तारांनी गरम होणारा पोशाख त्याच्या अंगात असे. पण तार बिघडली तर तो पोशाख म्हणजे नुसते ओझे. काचेवर बाष्प धरून नीट दिसत नाही, म्हणून कित्येक जण समोरचा काचेचा तुकडाच काढून टाकत. थंडी आत आली तरी चालेल, पण शत्रूचे विमान वेळेवर दिसले पाहिजे! प्राणवायूच्या नळीत श्वासाचे बर्फ होई. ते हाताने दाबून फोडावे लागे, नाहीतर माणूस नकळत बेशुद्ध होई.

इकडे जमिनीवर यंत्रकामगार वाट पाहत. पहाटे पहिला आवाज आला, की सगळे बाहेर येत आणि मोजत. एक, दोन, तीन... आपल्या विमानाची जागा भरली, तर ठीक. नाहीतर तास-दोन तास थांबायचे. कदाचित दुसऱ्या तळावर उतरले असेल. पेट्रोल किती वेळ पुरते, हे तिथे प्रत्येकाला पाठ होते. तेवढा वेळ उलटून गेला, की कोणी काही बोलत नसे. दुपारी त्या खाटांवरील सामान बांधले जाई आणि नवीन माणसांसाठी खाटा मोकळ्या होत. ब्रिटनच्या बाँबफेकी दलात सगळ्या देशांची मिळून सुमारे सव्वा लाख माणसे उडाली. त्यांतली पंचावन्न हजारांहून अधिक मेली. ब्रिटिशांच्या तुकडीत माणूस कमी झाला, तर देशातून दुसरा तरुण येई. पोलिशांचा देश तर शत्रूच्या ताब्यात होता. नवी माणसे मिळायची ती सैबेरियातून जिवंत बाहेर पडलेल्यांतून. म्हणजे वळिवड्यातल्या बायकामुलांच्या नात्यागोत्यातूनच.

पत्रे हाच त्यांच्यामधला धागा होता. पत्रे तपासली जात. तळाचे नाव, मोहीम, विमान यांविषयी काही लिहायला बंदी होती. मग लिहायचे काय? थंडी, जेवण, तब्येत, मुलांचा अभ्यास. पत्र पोचायला कित्येक आठवडे लागत. वळिवड्यात पत्र वाचले जाई, तेव्हा लिहिणारा सुखरूप आहे की नाही, हे त्या कागदावरून समजत नसे.

२४ डिसेंबर, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ, ही पोलिश लोकांची सर्वांत मोठी. त्या दिवशी ते उपवास करतात आणि आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसतात. मुले अंगणात उभी राहून तारा शोधतात. ईदचा चाँद शोधायला आपण गच्चीवर जातो, त्यातलाच हा प्रकार. टेबलाच्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, एक पातळ पापडीसारखी पोळी सगळे मिळून मोडून खातात, आणि एक ताट रिकामे ठेवतात. ते ताट न आलेल्या माणसासाठी असते. १९४४ च्या त्या संध्याकाळी वळिवड्याच्या आकाशात तारा उगवला, तेव्हा इंग्लंडमध्ये अजून दुपार होती. तिथला तारा तीन-साडेतीन तासांनी, तोही ढग नसतील तर. दोन्हीकडे त्या ताटावर हक्क सांगणारी माणसे भरपूर होती.

या सगळ्यांना एकच आशा होती. युद्ध संपेल आणि आपण घरी जाऊ. फेब्रुवारी १९४५ मध्ये ती आशाही मोडली. काळ्या समुद्राच्या काठी याल्टा येथे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांचे नेते भेटले. पोलंडचा पूर्वेकडील भाग रशियाकडे राहील, असे त्यांनी ठरवले. या बैठकीला पोलंडचे कोणी नव्हते. ल्वूव आणि विल्नो ही मोठी शहरेही त्या भागात होती. वळिवड्यातील बहुतेक कुटुंबांची घरे तिकडचीच होती. म्हणजे ज्या घरासाठी वडील लढत होते, ते घर मित्रांनीच दुसऱ्याला देऊन टाकले होते.

१२ फेब्रुवारीला हा निर्णय जाहीर झाला. १३ फेब्रुवारीला संध्याकाळी फाल्डिंगवर्थच्या नकाशाच्या खोलीत नवे ठिकाण सांगण्यात आले : जर्मनीतील ड्रेस्डेन. लंडनमधील पोलिश सरकारने आपल्या सैनिकांना शिस्त सोडू नका, असे सांगितले होते. पोलिश विमाने त्या रात्रीही उडाली. बाँब चढवणाऱ्यांनी बाँब चढवले, पंख पुसणाऱ्यांनी पंख पुसले. ड्रेस्डेनवरच्या त्या हल्ल्यांत सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. त्यांत बायका, मुले, निर्वासित होते. १९३९ मध्ये वॉर्सावर असेच बाँब पडले होते, तेव्हाही हेच घडले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

एप्रिल संपत आला आणि लिंकनशायरमधले बर्फ केव्हाच वितळले होते. हॉलंडमध्ये लोक भुकेने मरत होते. तेव्हा याच विमानांत बाँबच्या जागी अन्नाची पोती भरली गेली. विमाने अगदी खालून उडत आणि पोती मैदानांत टाकून परत येत. गेली पाच वर्षे लोखंड चढवणारे हात आता पीठ चढवत होते.

मे महिन्यात युरोपातील युद्ध संपले. जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सामधील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. १९४६ च्या जूनमध्ये लंडनला मोठे विजय-संचलन झाले. त्याला फक्त २५ पोलिश वैमानिकांना बोलावणे होते. बाकीच्यांना वगळलेले पाहून तेही गेले नाहीत. १९४७ पर्यंत पोलिश विमानदल बरखास्त झाले. काही जण पोलंडला परतले. पुष्कळ जण ब्रिटनमध्येच राहिले आणि कारखान्यांत, खाणींत, शेतांवर कामाला लागले.

वळिवड्याचा मुक्काम १९४८ पर्यंत चालला. ज्यांचे वडील किंवा नवरे ब्रिटनमध्ये होते, ती कुटुंबे मुंबईहून बोटीने तिकडे गेली. कोणी पोलंडला, कोणी आणखी दूरच्या देशांना गेले. काहीजण कोल्हापूरच्या मातीतच राहिले. त्यांच्या कबरी तिथे आहेत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या लोकांच्या आठवणीचा स्तंभ उभा आहे.

रिकाम्या झालेल्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे राहायला आली. तीही घरे सोडूनच आली होती. त्या वस्तीला आज गांधीनगर म्हणतात आणि तिथे कापडाचा घाऊक बाजार भरतो.

शब्दार्थ

निर्वासित – मुहाजिर, घरदार सोडावे लागलेला माणूस
काकडा – कडाक्याची थंडी
माळा – राखणीसाठी शेतात उभारलेली उंच बैठक
धावपट्टी – विमान जिथून उडते व जिथे उतरते तो रस्ता
संचलन – सैनिकांनी रांगेने चालणे
बरखास्त होणे – मोडले जाणे, बंद होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वळिवड्याच्या वस्तीत पुरुष कमी का होते?
(आ) विमाने मैदानात दूरदूर का उभी करत?
(इ) २४ डिसेंबरला एक ताट रिकामे का ठेवतात?

२. कारणे सांगा.
(अ) पंखांवरील बर्फ काढणे आवश्यक होते.
(आ) शेपटीकडचा बंदूकवाला समोरची काच काढून टाकत असे.

३. 'पत्रात लिहायचे काय?' असा प्रश्न सैनिकांना का पडत असे? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. याल्टाचा निर्णय कळल्यानंतरही पोलिश विमाने उडाली. हे तुम्हांला योग्य वाटते का? वर्गात चर्चा करा.

५. जमीन, हक्क, तब्येत, कागद हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.